तळ्याचे शेवाळ

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकविलेल्या माणसाजवळ विषय तरी दुसरा कोणता असणार? देवळाच्या तळ्याचा जीर्णोद्धार करावा, असा ठराव आज आपल्यापुढे आहे. त्या तळ्यातील शेवाळाविषयीच मी बोलणार आहे.

आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात दोन निराळी कुळे आहेत. पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यावर मखमलीसारखी उगवते ती हरिता. तिला इवलीशी पाने असतात. पाण्यावर हिरवा तवंग धरते ते शैवल. त्याला खरे मूळ, खोड, पान यांपैकी काहीच नसते.

ही दोन्ही कुळे शेजारी नांदताना पाहावयाची, तर आयर्लंड-स्कॉटलंडमधील दलदलींकडे वळावे लागेल. तेथे स्फॅग्नम नावाची हरिता विस्तीर्ण प्रदेशावर पसरलेली आहे. तिच्या पानातील मोठ्या, पोकळ, मृत पेशींत सुक्या वजनाच्या सुमारे २० पट पाणी मावते. म्हणूनच पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी कापसाऐवजी तिचा उपयोग करण्यात आला. पाण्यातील क्षार ती शोषून घेते व बदल्यात पाणी आम्ल करते. अशा थंड, आम्ल, प्राणवायुहीन जागी कुजण्याची क्रिया अतिशय मंदावते. वर वाढ आणि खाली मृत्यू, असे थर साचून पीट बनते. १ मीटर थराला साधारणतः १,००० वर्षे लागतात. १९५० साली डेन्मार्कमध्ये अशाच पीटमधून दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मनुष्याचा देह निघाला. त्याच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यादेखील शाबूत होत्या!

तेथील डबक्यांत अन्नद्रव्ये फारच थोडी. तरीही त्यांतील थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, तो डेस्मिड नावाची एकपेशीय शैवले दिसतात. प्रत्येकाचे दोन अर्धे, एक दुसऱ्याचे जणू प्रतिबिंबच. आणि आकार किती नानाविध! दारिद्र्यात अशी श्रीमंती निसर्गच दाखवू जाणे.

आपल्या तळ्याची कथा नेमकी उलट आहे. त्याला अति खाऊ घातले जाते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९७३ साली शास्त्रज्ञांनी एका सरोवराच्या मध्यावर पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोहींत कार्बन व नायट्रोजन घातला. एका भागात मात्र स्फुरदही घातले. स्फुरदाचा भाग नीलहरित शैवलाने हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. आता आपले निर्माल्य, साबणाचे पाणी, सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारे खत यांतून तळ्यात काय उतरते, हे निराळे सांगावयास नको. दाट माजलेले शैवल रात्री पाण्यातील प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे मासे तोंडे वर काढून तडफडतात. काही नीलहरित शैवले तर विषारी असून ते पाणी गुराढोरांच्या जिवावर बेतते.

परंतु शैवलाला वैरी ठरवू नका. भातखाचरातील जमिनीला हवेतील नायट्रोजन मिळवून देण्याचे काम हीच नीलहरित शैवले करतात, हे बंगालमधील भाताच्या जमिनींचा अभ्यास करून पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले. शैवल हा रोग नव्हे. ते रोगाचे लक्षण आहे. मोरचूद टाकून ते मारले, तर तळाशी जाऊन कुजते, प्राणवायू आणखी घटतो आणि अन्नद्रव्ये पुन्हा पाण्यातच येतात. तळ गिलावा करून बांधून काढला, तरी वरून येणारे अन्न थांबत नाही.

म्हणून माझी नम्र विनंती अशी की, संगमरवरी पायऱ्यांपूर्वी चार साध्या गोष्टींसाठी निधी राखावा. निर्माल्याचे खत करावे. धुणे तळ्यापासून दूर न्यावे. सांडपाण्याला वेगळी वाट द्यावी. आणि उन्हाळ्यात गाळ काढून तो शेतांत घालावा. अजीर्ण झालेल्या माणसाला आपण लंघन सांगतो. तळ्यालाही औषधापेक्षा तेच अधिक मानवेल.

आपल्या पूर्वजांनी ज्या पाण्याची ओंजळ देवाला वाहिली, ते पाणी आपल्या नातवंडांनाही ओंजळीत घेता यावे, एवढीच इच्छा व्यक्त करतो.