पोरं आपल्याकडं बघतात



उन्हाळ्यात पोरांची संस्कार शिबिरं भरतात. हरिपाठ, पावल्या, मृदंग. पोरं भराभर तयार होतात. चांगलंच आहे ते. पण नुसत्या पाठांतरानं नीती येते, असं आम्हाला वाटत नाही.

दिंडीत बघा. कीर्तन संपलं की सत्तरीचे विणेकरी सात वर्षांच्या पोराच्या पाया पडतात. पोरगं आधी लाजतं, मग तेही वाकतं. जात, वय, जमीन कुणी विचारत नाही. हा धडा त्याला कुणी घोकायला लावला नव्हता.

ज्यांची ‘श्यामची आई’ आपण पोरांच्या हाती देतो, त्या साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. कशासाठी? विठ्ठलाचं दार हरिजनांनाही उघडावं म्हणून. हरिपाठ तोंडपाठ असणारे तेव्हा काय कमी होते?

म्हणून जिंतूरकरांना आमची एवढीच विनंती. यंदा सप्ताहाच्या पंगतीत वाढायला पोरांना उभं करा. कोणत्या वस्तीतला माणूस कुठं बसला, हे त्यांना न सांगता दिसतं. तेव्हा आपण कुणाच्या शेजारी बसायचं, ते आधी ठरवून या.