येणे आणि देणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी पूर्वजांचे गुणगान करावे अशी आपली रीत आहे, आणि ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. आम्ही मात्र आपले लक्ष एका अवघड प्रश्नाकडे वेधू इच्छितो. साम्राज्यांनी परक्या प्रजेवर जे अन्याय केले, त्यांची भरपाई त्या प्रजेच्या वारसांनी मागावी काय? हा प्रश्न आज जगभर चर्चिला जात आहे. परंतु कोलकात्यातील मराठी माणसाला तो जसा दोन्ही बाजूंनी भिडतो, तसा क्वचितच कोणाला भिडत असेल.

प्रथम आपले येणे पाहू. १७६५ साली शाह आलम बादशहाकडून बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १७७० साली, बंगालात भीषण दुष्काळ पडला. बंगाली सन ११७६ मधील म्हणून तो ‘छियात्तरचे मन्वंतर’ या नावाने आजही ओळखला जातो. प्रांताची निदान एक तृतीयांश प्रजा नष्ट झाली, असे वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली लंडनला कळवले. आणि १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ च्या वसुलीपेक्षाही अधिक झाली, हेही त्याच पत्रात नमूद केले. ती वसुली बळजबरीने पूर्वीच्या पातळीवर ठेवण्यात आली होती, ही कबुलीदेखील त्यात आहे. हा पुरावा फिर्यादीचा नव्हे, खुद्द राज्यकर्त्याच्या हातचा आहे. या राज्याच्या अखेरीस, १९४३ साली, याच बंगालात पुन्हा दुष्काळ पडला. त्यातील मृतांची संख्या सरकारी आयोगाने १५ लाख मानली. पुढील अनेक अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या आसपास धरली.

या येण्याची वही बंगाली वाचकांसाठी बंगाली भाषेत मांडणारा पुरुष मराठी होता, ही आपल्याला भूषणावह गोष्ट होय. सखाराम गणेश देउस्कर (१८६९–१९१२) यांचा जन्म देवघर परिसरात झाला, आणि कलकत्त्याच्या ‘हितवादी’ पत्रात त्यांनी लेखणी चालवली. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त प्रभृतींनी इंग्रजीत मांडलेली आर्थिक लुटीची मीमांसा त्यांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ या ग्रंथाद्वारे सामान्य बंगाली वाचकांच्या घरात नेली. १९१० साली सरकारने तो ग्रंथ जप्त केला. हिशेब खोटा असता, तर त्याची एवढी धास्ती कोणी घेतली नसती.

मग हे येणे वसूल का होत नाही? पैशाचे ऋण आणि माणसांचे ऋण यांत जग भेद करते, हे त्याचे एक कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात भारताने ब्रिटनला जो माल व ज्या सेवा पुरवल्या, त्यांच्या मोबदल्यात लंडनमध्ये भारताच्या नावे स्टर्लिंगची शिल्लक साठत गेली. युद्धाच्या अखेरीस ती १०० कोटी पौंडांहून अधिक होती. हे ऋण कमी करून घ्यावे, असे काही इंग्रज पुढाऱ्यांना वाटत होते. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने हा प्रश्न मांडला. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख त्या शिष्टमंडळात होते. स्वातंत्र्यानंतर करार होऊन ती शिल्लक टप्प्याटप्प्याने भारताच्या उपयोगी पडली. ज्या १९४३ साली बंगालात माणसे अन्नान्न करून मरत होती, त्याच साली ही शिल्लक वाढत होती. मालाची किंमत वहीत चढली. माणसांची चढली नाही.

भरपाई अशक्य असते, असेही नाही. पश्चिम जर्मनीने १९५२ साली इस्राएलशी तसा करार केला. केनियातील बंडाच्या काळात ज्यांचा छळ झाला, अशा ५,२२८ व्यक्तींना ब्रिटनने २०१३ साली सुमारे २ कोटी पौंड देण्याचे मान्य केले. याच ब्रिटनने १८३३ साली गुलामगिरी बंद करताना तेवढीच, म्हणजे २ कोटी पौंडांची रक्कम मंजूर केली होती. मात्र ती गुलामांसाठी नव्हे, त्यांच्या मालकांसाठी होती. २०१५ साली ऑक्सफर्ड युनियनच्या वादसभेत शशी थरूर यांनी म्हटले, की रकमेपेक्षा तत्त्व महत्त्वाचे. दोनशे वर्षे दरसाल एक पौंड दिला तरी चालेल. त्या भाषणाला देशभर टाळ्या पडल्या. आपणही त्या वाजवल्या.

परंतु त्या टाळ्या वाजत असताना शेजारच्या बंगाली गृहस्थाने आपल्याकडे वळून पाहिले, तर आपण काय उत्तर देणार आहोत?

आता आपले देणे पाहिले पाहिजे. बंगाली माता लेकराला निजवताना जी अंगाई गाते, तीत ‘बर्गी’ येतात, आणि आता सारा कोठून भरायचा ही चिंता येते. हा ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर स्वारी करणारा मराठा शिपाई. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालात उतरले, आणि १७५१ पर्यंत या स्वाऱ्या चालू राहिल्या. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१ च्या सुमारास ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात त्यांचे वर्णन लिहून ठेवले. कोणत्या जातीचे लोक काय उचलून पळाले, गावे कशी जळाली, रुपयांसाठी माणसांचे हाल कसे झाले, स्त्रियांची विटंबना कशी झाली, हे सारे त्यात आहे. हेस्टिंग्जचे पत्र आपण पुरावा म्हणून मानतो. मग गंगारामाची साक्ष आपल्याला अडचणीची का वाटावी? १७४४ साली बोलणी करण्याच्या मिषाने नबाब अलिवर्दीखानाने भास्कररामांचा मनकरा येथे घात केला, तो दगा आपल्या इतिहासाने नीट लक्षात ठेवला. १७५१ च्या तहाने सालीना १२ लाख रुपये चौथाई ठरली, तीही लक्षात ठेवली. ज्यांच्या घामातून ती चौथाई निघाली, त्यांची आठवण मात्र बंगाली अंगाईवर सोपवली.

मराठे खुद्द कलकत्त्यावर कधीच चालून आले नाहीत; पण त्यांच्या धास्तीने १७४२ साली येथील रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांपैकी सुमारे तीन मैल खणून झाल्यावर काम थांबले. पुढे त्या खंदकालगत सर्क्युलर रोड झाला, ज्याला आपण आज आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र यांच्या नावांनी ओळखतो. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली अजून आहे. या शहरात आपल्या नावाने जी पहिली गोष्ट झाली, ती भीतीने खणलेली चर होती.

कोणी म्हणेल, हे कर्ज आता द्यायचे कोणी आणि कोणाला? रास्त प्रश्न आहे. भोसल्यांचे राज्य डलहौसीने १८५४ साली खालसा केले, आणि त्यांच्या वाड्यातील जडजवाहीर विक्रीसाठी आले ते १८५५ साली याच कलकत्त्याच्या बाजारात. लुटणाऱ्याला पुढे दुसऱ्याने लुटले, म्हणून पहिली लूट फिटत नाही. पण ती कोणाच्या खात्यावर लिहावी, हे मात्र कळेनासे होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळवली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आणली. आपलीच वस्तू आपल्याला विकत घ्यावी लागली, याची खंत आम्हालाही आहे. परंतु ज्या रघूजींची ती तलवार, त्यांनीच बंगालच्या स्वाऱ्या धाडल्या होत्या, हे त्या आनंदोत्सवात कोणी सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

म्हणून आमचे मत असे आहे. राष्ट्रांनी अन्यायाचा हिशेब अवश्य मागावा. जेथे पीडित हयात आहेत, किंवा ऋण कागदावर सिद्ध आहे, तेथे पैसाही मागावा. इतरत्र तीन गोष्टी मागाव्यात: दप्तरे खुली करणे, नेलेल्या वस्तू परत देणे, आणि जे घडले ते आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत स्पष्टपणे लिहिणे. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे, आणि तीच सर्वांत दुर्मिळ आहे. पण ती इंग्रजांकडे मागण्याचा अधिकार आपल्याला आपण स्वतः ती दिल्यावरच पोहोचतो.

बंगालने आपल्याकडे हिशेब मागितला नाही. उलट, देउस्करांनी येथे शिवाजी उत्सवाचा पुरस्कार केला, तेव्हा १९०४ साली रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. १९०६ साली त्या उत्सवासाठी लोकमान्य टिळक आले, तेव्हा कलकत्त्याने त्यांचे प्रेमाने स्वागत केले. बर्गींच्या आठवणी घराघरांत जाग्या असताना दाखवलेले हे औदार्य आहे. त्याला आपण उत्तर दिलेले नाही.

मंडळाला आमची एक विनंती आहे. आपल्या ग्रंथालयात ‘देशेर कथा’ आणि ‘महाराष्ट्र पुराण’ शेजारी शेजारी असावेत. या वर्षात गंगारामाच्या काव्याचे मराठीत वाचन व्हावे, त्याला बंगाली शेजाऱ्यांना बोलवावे, आणि आपली मुले पुढच्या रांगेत बसवावीत. शाळेत त्यांना ‘बर्गी’ म्हणून कोणी चिडवले, तर त्यांनी रागावू नये आणि खाली मानही घालू नये. काय घडले ते त्यांना नीट सांगता यावे, एवढे आपण त्यांना शिकवू शकतो. हे करण्यास कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.