शेवटचा नळ



 आरोग्यसेवक, आशाताई आणि डॉक्टरांच्या या अधिवेशनात अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. लसीकरण, क्षयरोग, हिवताप यांचा अहवाल छापून तुमच्या हाती दिला आहे, तो जरूर वाचा. मला मात्र आज गावाच्या शेवटच्या नळाबद्दल बोलायचे आहे. त्यासाठी मी फार वर्षे थांबलो आहे.

कालच्या परिसंवादात पाण्यातून येणाऱ्या साथींवरून दोन तट पडले. एक म्हणे, संगणकीय रोगसर्वेक्षण बळकट करा, साथ लवकर कळेल. दुसरा म्हणे, आधी जलशुद्धीकरण प्रकल्प उभारा. त्या दोघांनाही मी प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. पावसाळ्यात एका गावात गॅस्ट्रोची साथ उठली. शाळेच्या वर्गात सतरंज्या अंथरल्या, खिडकीच्या गजांना सलाइनच्या बाटल्या बांधल्या. टाकीवर क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट केली, पाणी पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन होता. ग्रामपंचायतीकडे सुरक्षित पाण्याचे हिरवे कार्डही होते. तरी आमच्या आरोग्यसेवकाला चैन पडेना. तो क्लोरोस्कोप घेऊन पाइपाच्या कडेकडेने गावाच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथल्या नळाच्या पाण्यात थेंब टाकले, तर रंगच आला नाही. बहुतेक रुग्ण त्याच वस्तीतले होते. वाटेत पाइप गटारातून गेला होता आणि त्याचा सांधा सुटला होता. पंप चालू असेतो तिथून पाणी बाहेर झिरपे; पंप थांबला, पाइपातला दाब गेला, की गटार आत ओढले जाई. दिवसाआड पाणी सोडणाऱ्या कोणत्याही गावात हे होऊ शकते.

प्रकल्पाचे काम टाकीशी संपते आणि संगणकाचे काम रुग्ण नोंदल्यावर सुरू होते. मधला पाइप कोणाचा? टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर विकत घ्यायची ग्रामपंचायतीने, टाकायची जलसुरक्षकाने, पाणी तपासायचे आरोग्यसेवकाने, आणि पाइप दुरुस्तीची फाइल तिसऱ्याच टेबलावर! ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. ओलसर खोलीत पोते उघडे राहिले की तो उडून जातो. मग उरलेला चुना आपण श्रद्धेने टाकीत ओततो. मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. तो घोट घेणाऱ्याच्या नळाला हवा, टाकीत मोजून काय उपयोग?

हे खेड्यापुरतेच आहे असे समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी या गावांकडे, गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. संशयित रुग्णांचा आकडा २०० च्या पुढे गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. शहर त्या गावांपर्यंत केव्हाच पोहोचले होते. शुद्ध पाणी का पोहोचले नव्हते?

पाइपाच्या टोकाला कोण राहते, हे या सभागृहात सर्वांना माहीत आहे. दलित वस्ती, आदिवासी पाडा, नव्याने आलेल्या मजुरांच्या चाळी. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पाणी सर्वेक्षणानंतर आपण गावांना लाल, पिवळी, हिरवी कार्डे देतो. यापुढे शेवटच्या नळाची नोंद नसलेल्या गावाला हिरवे कार्ड मिळता कामा नये, अशी माझी मागणी आहे. तसा ठराव या अधिवेशनाने करावा. नोंदीचा नमुना कार्यकारिणी ठरवील. पाइप दुरुस्तीच्या निधीबाबत शासनाकडे शिष्टमंडळ न्यावे लागेल, त्याचे तपशील नंतर बसून ठरवू. पण ठराव आजच, जेवणाच्या सुट्टीआधी मांडा. विरोध असेल त्यांनी इथे उभे राहून बोलावे, मी ऐकायला बसलो आहे.