फडातून नारदाच्या गादीवर

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत वाढलेले भजन रे चार्ल्स, अरेथा फ्रँकलिन यांच्यासारख्या गायकांनी लौकिक प्रेमगीतांत उतरविले आणि त्यातून ‘सोल’ नावाची गायकी उभी राहिली. आमच्या नांदेड मुलखात स्थिरावलेल्या एका कवि-गायकाचा प्रवास मात्र नेमका उलट्या दिशेने, लावणीकडून भक्तीकडे झाला. आणि येताना लावणीचा ठेका त्याने मागे ठेवला नाही, असे माझे ठाम मत आहे.

गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजेच दासगणू महाराज, यांचा जन्म 1868 मध्ये झाला. इंग्रजी अमदानीत ते पोलीस खात्यात चाकरीस होते, आणि तमाशाच्या फडांत उभ्याउभ्या कवने रचणे हा त्यांचा त्या काळचा षोक होता. साईबाबांच्या सहवासाने वृत्ती पालटली, यथावकाश राजीनामा दिला गेला, आणि पुढे नांदेड व उमरीजवळचे गोरटे ही त्यांची कर्मभूमी झाली. एकदा अंगरखा, उपरणे व फेटा अशा थाटात ते कीर्तनास निघाले असता, नवरदेवासारखा हा साज कशाला, असे बाबांनी विचारले. तेव्हापासून उघड्या अंगाने, गळ्यात हार व हातात चिपळ्या घेऊन ते कीर्तनकाराच्या, म्हणजे नारदाच्या, गादीवर उभे राहू लागले. कीर्तनाच्या उत्तरार्धातील, म्हणजे उत्तररंगातील, संतचरित्राचे आख्यान स्वतः रचावे आणि स्वतःच गावे, हे त्यांचे वैशिष्ट्य. श्रोत्याला खिळवून ठेवणारी शब्दांची ती झपाट्याची फेक मला फडातलीच वाटते.

ईशावास्योपनिषदाचे मराठी विवरण करताना त्यांना एक शंका अडली. तिचे निरसन बाबांचे भक्त काका दीक्षित यांच्या घरची मोलकरीण करील, असे बाबांनी सांगितले. पार्ल्यास दीक्षितांच्या घरी, फाटक्या वस्त्रानिशी भांडी घासता घासता नारिंगी साडीचे गाणे आनंदाने म्हणणारी एक पोर त्यांनी ऐकली; तिला नवी साडी मिळाली, तरी पुढे ती जुन्याच वस्त्रात तितक्याच आनंदाने आली, आणि भाष्यांनी न उकललेला अर्थ त्यांना उमगला. विद्वत्तेपेक्षा गाण्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसालाच असे उत्तर पटते.

1939 साली शेगावी पूर्ण झालेला, एकवीस अध्यायांचा त्यांचा ‘श्रीगजानन विजय’ हा ग्रंथ आज घरोघर वाचला जातो. महाराजांनी 1962 मध्ये पंढरपुरी देह ठेवला. त्यांची आख्याने छापून झाली. चाली मात्र कीर्तनकारांच्या कंठातच राहतात, म्हणून नांदेड-लातूरच्या तरुण गायकांनी वृद्ध कीर्तनकारांपाशी बसून त्या आजच शिकून घ्याव्यात, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.