मोटारींचे अपघात व मुलांचा पक्षाघात



मोटारीचा अपघात झाला कीं भोंवतीं जमणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "लागलें किती?" आणि त्याचें उत्तर आपण बहुधा रक्तावरून देतों. ज्याच्या अंगावर रक्त अधिक, त्याची दुखापत मोठी. जें मूल उठून आईकडे धावलें तें सुखरूप. हा हिशेब किती फसवा आहे, आणि लहान मुलांच्या बाबतींत तो कसा घातक ठरूं शकतो, हें आज मला सांगावयाचें आहे.

आपल्या जिल्ह्याला, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें त्या नगर जिल्ह्याला, हा विषय परका नाहीं. नगराहून पुणें, मनमाड, कल्याण व सोलापूर या दिशांना मोठाले रस्ते फुटतात. शिर्डीच्या यात्रेकरूंची वर्दळ बारमास असते. आणि उसाचा हंगाम सुरू झाला कीं राहुरी, श्रीरामपूर, कोपरगांवच्या वाटांवर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या रात्रीं चालूं लागतात. सबंध देशांत २०२२ या एका वर्षीं ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले. त्यांत १,६८,४९१ माणसें मेलीं व ४,४३,३६६ जखमी झालीं. मेलेल्यांची गणती करतां येते. जखमींची प्रतवारी कशी लावावयाची?

यासाठीं संशोधकांनीं गणिताचा आधार घेतला. मोटार-अपघातांच्या अभ्यासाकरितां १९७१ सालीं अमेरिकेंत एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. आज तींत प्रत्येक जखमेस १ ते ६ यांपैकीं एक अंक मिळतो : १ म्हणजे किरकोळ, ६ म्हणजे उपायापलीकडची. १९७४ सालीं सूसन बेकर या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं पुढचें पाऊल टाकलें. त्यांनीं शरीराचे सहा विभाग पाडले व सर्वांत अधिक दुखावलेल्या तीन विभागांच्या अंकांचे वर्ग करून त्यांची बेरीज घेतली. वर्ग अशासाठीं कीं, मृत्यूचा धोका अंकाबरोबर सरळ न वाढतां त्याच्या वर्गाच्या धोरणानें वाढतो, असें त्यांस आढळलें.

एक उदाहरण घेऊं. एका मुलाचा पाय मोडला, अंक २. चेहऱ्याला मार लागला, अंक २. अंग खरचटलें, अंक १. वर्गांची बेरीज झाली ९. दुसऱ्या मुलाच्या कपड्यांवर रक्ताचा थेंबही नाहीं, पण कवटीच्या आंत मेंदूला अंक ४ ची इजा आहे. त्याची बेरीज १६. आणि १५ च्या वरची दुखापत मोठी समजली जाते. रडणाऱ्या पहिल्या मुलाभोंवतीं सारे जमतात. दुसरें मूल गप्प आहे, म्हणून तें शहाणें ठरतें!

परंतु ही मोजपट्टीही सांपडलेल्या इजेलाच अंक देते. जी इजा अजून कोणी शोधलीच नाहीं, तिला अंक कोठला? मुलांच्या पक्षाघाताचा एक प्रकार याच वाटेनें येतो.

जन्मतः मुलाचें डोकें शरीराच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढें असतें. मोठ्या माणसाचें सुमारें आठव्या. डोकें जड आणि मान दुबळी. मोटार एकदम थांबली कीं हें डोकें हिसका खाऊन पुढें-मागें जातें किंवा वळतें, आणि मानेंतून मेंदूकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिणीचें आंतलें अस्तर फाटूं शकतें. बाहेर कांहींच दिसत नाहीं. फाटलेल्या जागीं रक्ताची गुठळी धरते, आणि कांहीं तासांनीं किंवा कांहीं दिवसांनीं ती सुटून मेंदूंतील वाट अडविते. असें क्वचितच घडतें; पण घडतें तेव्हां घरांतील मंडळींस अपघाताची आठवणही होत नाहीं.

पक्षाघात हा म्हाताऱ्यांचा रोग, ही आपली समजूत येथें आडवी येते. जन्मजात हृदयविकार, सिकलसेलचा रक्तदोष, क्षयामुळें होणारा मेंदूज्वर यांनींही मुलांना पक्षाघात होतो. हैदराबाद येथील बालमेंदूतज्ज्ञांनीं तर २०१४ सालीं असें दाखवून दिलें कीं, कांहीं तान्ह्या बालकांस नुसत्या किरकोळ पडण्यानेंही एका अंगाचा लुळेपणा येतो. त्यांच्या मेंदूच्या आंतील बारीक रोहिण्यांत चुन्याचे कण सांठलेले आढळतात.

तेव्हां लक्ष कशावर ठेवावें? तोंड एका बाजूस वाकडें होणें, एक हात वापरण्याचें मुलानें अचानक सोडणें, पाय ओढणें, बोलणें जड होणें, मान किंवा डोकें सारखें दुखणें, वांत्या, झटका, अकारण गुंगी. यांतील कांहींही दिसलें तर मान चोळूं नये, मोडूं नये. घरांतली ॲस्पिरिन मनानें देऊं नये. महाराष्ट्रांत २०१४ पासून चालूं असलेल्या १०८ क्रमांकास फोन करावा, आणि डॉक्टरांना अपघात आठवणीनें सांगावा, मग तो आठवड्यापूर्वींचा कां असेना. त्या एका वाक्यावरून मानेच्या रोहिण्या तपासावयाच्या कीं नाहीं हें ठरूं शकतें. आणि दोष वेळीं कळला तर गुठळी वाढूं न देणारीं औषधें तज्ज्ञ देऊं शकतात.

आतां प्रतिबंधाविषयीं दोन शब्द. मूल मांडीवर असलें कीं आईबाप निश्चिंत असतात. तासाला ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत थांबली, तर १५ किलोच्या मुलास धरून ठेवण्यास २०० किलोंहून अधिक वजन पेलण्याइतकें बळ लागतें. तें कोणत्याही आईच्या हातांत नाहीं. म्हणून २०१९ च्या दुरुस्तीनें १४ वर्षांखालील मुलास पट्ट्यानें अथवा मुलांच्या खास आसनांत बांधणें सक्तीचें केलें. दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलास हेल्मेट व बांधावयाचा पट्टा, आणि वेग ४० च्या आंत, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. वाहनांची परीक्षा घेणारी संरक्षण खात्याची संस्था आपल्या नगरासच आहे. पण घरच्या गाडींत मुलाला कोठें व कसें बसविलें, ही परीक्षा आपली आपणच घ्यावयाची असते.

आणि इतकें करूनही अपघात झालाच, तर मुलाला प्रथम डॉक्टरांकडून तपासून घ्यावें, "लागलें किती?" हें एकदांच विचारून थांबूं नये. पुढचे दोन आठवडे रोज सकाळीं मुलाला हंसावयास सांगावें, दोन्ही हात वर करावयास सांगावे, आणि त्याचें नांव त्याच्याच तोंडून ऐकावें. यास एक मिनिटही लागत नाहीं.