दुकान बंद झाले, दाद मागण्याची वाट नव्हे



छतावरील सौर वीजसंच ही आता मूठभर सधनांची हौस राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजने’त ३ किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरल्याने मध्यमवर्गीय कुटुंबेही कर्ज काढून असे संच बसवू लागली. संच वीस-पंचवीस वर्षे चालावा, अशी अपेक्षा असते. तो बसविणारा विक्रेता तितका टिकेलच, असे नाही. दुकानाला कुलूप लागते, इन्व्हर्टर बंद पडतो आणि बँकेचा हप्ता तेवढा चालू राहतो. अशा वेळी घरमालकाने काय करावे?

प्रथम हमी कोणाची, हे पाहावे. पॅनेल व इन्व्हर्टर यांची हमी सामान्यतः उत्पादकाची असते. विक्रेता गेला तरी ती उरते. अनुक्रमांक, देयक व हमीपत्र जोडून थेट उत्पादकाकडे मागणी करावी. सांगाडा, जोडणी व देखभाल ही जबाबदारी विक्रेत्याची. योजनेतील नोंदणीकृत विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीचे बंधन आहे. ते मोडल्यास योजनेच्या पोर्टलवर व वीज वितरण कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवावी.

त्यानंतर विक्रेत्याचे स्वरूप पाहावे. एकट्याच्या मालकीचे दुकान असेल तर मालक, भागीदारी असेल तर भागीदार व्यक्तिशः जबाबदार असतात. पाटी उतरविल्याने देणे फिटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत हवी. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे.

मर्यादित कंपनीची गोष्ट अधिक अवघड. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली कार्यवाही सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे स्थगित होतात. मग न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत आपले येणे नोंदवावे लागते. तेथे तारण असलेल्या बँका पुढे आणि सामान्य ग्राहक मागे असतो. पूर्ण रक्कम मिळण्याची आशा थोडीच.

म्हणूनच खरा बंदोबस्त व्यवहारापूर्वीचा. सारी रक्कम आगाऊ देऊ नये. अखेरचा हप्ता नेट मीटर बसून वीज सुरू झाल्यावरच द्यावा. हमीपत्रे घरमालकाच्या नावे घ्यावीत. आणि विक्रेता बुडाला म्हणून बँकेचा हप्ता थांबवू नये. ते कर्ज वेगळ्या कराराचे आहे. छतावरील संचाइतकीच घरातील कागदांची फाईलही जपावी.