निर्गंध जलातील गंधवार्ता



आपल्या वैशेषिक दर्शनकारांनी पंचमहाभूतांचे गुण वाटून देताना गंध एकट्या पृथ्वीच्या पदरात टाकला. जलाला त्यांनी रूप, रस आणि स्पर्श दिले, गंध मात्र दिला नाही, आणि पाण्याला क्वचित वास येतोच, तर तो त्यात मिसळलेल्या पार्थिव अंशाचा समजावा, असा निवाडा केला. हा निवाडा मी विद्यार्थिदशेत पाठ केला होता. त्याचे मर्म मात्र पुष्कळ वर्षांनी, एका डबक्याच्या काठी उकिडवा बसलो असताना, माझ्या ध्यानात आले. पाणी स्वतः निर्गंध आहे म्हणूनच दुसऱ्याचा गंध ते निर्भेळ वाहून नेऊ शकते. ज्या हरकाऱ्याला पदरचे काही सांगायचे नसते, तोच खलिता जसाच्या तसा पोचवतो. हे खलिते अहोरात्र वाचणारे जे पाणकिडे, त्यांच्याविषयी आज आपल्यापुढे बोलावे असा मानस आहे.

आपण हवेत राहणारी माणसे घ्राण आणि रसना ही दोन स्वतंत्र इंद्रिये मानतो, आणि हवेपुरते ते यथार्थही आहे, कारण हवेत जे उडून जाते तेवढ्याचाच वास येतो. पाण्यात जे विरघळते ते सारे वार्ता होऊ शकते, मग तो पदार्थ कितीही जड आणि न उडणारा असो. शिवाय द्रव्याचे कण हवेत जितक्या त्वरेने आपोआप पसरतात, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने ते पाण्यात पसरतात. म्हणून संथ डोहात वास जिथल्या तिथे रेंगाळतो आणि प्रवाह लाभला तरच दूर जातो. अशा स्थितीत गंध आणि चव यांची सरहद्द पुसट व्हावी, हे ओघानेच आले. तरीही बुडी मारून शिकार करणाऱ्या पाणभुंगेऱ्यांना शिकवून जर्मन संशोधक शालर यांनी १९२६ साली असे दाखवले, की गंधाचे काम मुख्यत्वे मिशांसारख्या शृंगिकांकडे आणि चवीचे काम मुखाजवळच्या स्पर्शकांकडे असते, म्हणजे त्या इवल्याशा देहातही ही दोन दप्तरे वेगळी ठेवलेली आहेत.

टाचणी हा चतुराचा सडपातळ भाईबंद आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे पिल्लू पाण्यात वाढते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात ते सोडले, तर काडीला चिकटून राहिलेला मातकट देह, शेपटीच्या टोकाला पानासारखे तीन कल्ले, आणि भक्ष्य टप्प्यात येताच विजेच्या वेगाने पुढे फेकला जाणारा घडीचा खालचा ओठ, हे सर्व साध्या भिंगाने दिसते. कॅनडातील संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या पिल्लांनी पाइक नावाचा हिंस्र मासा जन्मात पाहिला नव्हता, त्यांच्या भांड्यात पाइक ठेवलेले पाणी घातले. पिठातल्या अळ्या खाऊन राहिलेल्या पाइकच्या पाण्याने ती विचलित झाली नाहीत. पण ज्या पाइकने टाचण्यांची पिल्ले खाल्ली होती, किंवा त्या पिल्लांच्याच पाण्यात नांदणारे मिनो नावाचे लहान मासे खाल्ले होते, त्याचे पाणी पडताच त्यांची हालचाल मंदावली. याहून विस्मयकारक गोष्ट पुढची आहे: एकदा ही खबर मिळालेली पिल्ले पुढे अळ्या खाणाऱ्या पाइकच्या वासालाही सावध झाली. स्वजनांच्या आणि शेजाऱ्यांच्या नाशाच्या वासासोबत त्यांनी शत्रूचा वास ओळखून ठेवला होता, आणि या शिक्षणाला शत्रूचे दर्शन घडण्याची गरजही पडली नव्हती.

डासांची मादी पाण्यात राहत नाही, परंतु संततीसाठी तिला पाण्याची पारख करावी लागते. आपल्या शहरांतल्या गटारांवर संध्याकाळी घोंगावणारा क्युलेक्स डास अंड्यांचा तराफा पाण्यावर सोडतो. त्यातल्या प्रत्येक उभ्या अंड्याच्या टोकावर एक सूक्ष्म थेंब जमतो, आणि त्याचा गंध इतर माद्यांना तिथेच अंडी घालण्यास बोलावतो. त्या गंधद्रव्याची रासायनिक रचना इंग्लंडमध्ये १९८२ साली उलगडली. उलट इस्राएलमधील संशोधकांना २०१० साली असे आढळले, की उताणे पोहून डासांच्या अळ्या खाणारा एक पाणकिडा ज्या पाण्यात असतो, त्यातून निघणाऱ्या दोन हायड्रोकार्बनांच्या वासानेच तिथल्या एका जातीच्या डासाची मादी ते पाणी टाळते. एकच पृष्ठभाग कुणाला आमंत्रणपत्रिका होतो, तर कुणाला मनाईहुकूम.

गंधाखेरीज इतर खबरीही पाणी देते. पाणनिवळीला पायांखालचा तरंग कळतो. घोळक्याने गरगर फिरणारे काळे भुंगेरे पृष्ठभागावर टेकलेल्या शृंगिकांनी लाटा टिपतात, आणि त्यांचे डोळे दुभंगलेले असल्यामुळे वरचे आकाश व खालचा डोह ते एकाच वेळी पाहतात. उडत येणारे कित्येक पाणकिडे पाणी ओळखतात ते त्यावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवित, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या, प्रकाशावरून. आणि इथेच मनुष्याची करणी त्यांच्या आड येते, कारण काळ्या डांबरी सडकेवरून येणारा प्रकाशही तसाच असतो. हंगेरीत ओढ्याकाठच्या कोरड्या रस्त्यावर, एरवी पाण्यात अंडी घालणाऱ्या मे माश्या अंडी घालताना आढळल्या. ती अंडी उन्हात सुकून जाण्यापलीकडे त्यांना गती नव्हती.

सभ्यहो, या साऱ्याचे तात्पर्य माझ्या मते एवढेच, की स्वच्छ पाणी रिकामे नसते. त्यात लक्षावधी वर्षांच्या परिपाठाने ठरलेला पत्रव्यवहार चालू असतो, आणि आपण त्यात जे जे सोडतो ते त्या पत्रव्यवहारात दाखल होते. सांडपाण्यातल्या मैल्याचा स्कॅटोल नावाचा घटक क्युलेक्सच्या मादीला आकर्षून घेतो, हे आता सिद्ध आहे. त्याच सांडपाण्याने ओढ्यातला प्राणवायू खालावला, की डासांच्या अळ्या तरतात, कारण त्या पृष्ठभागाशी नळी लावून हवेत श्वास घेतात. आणि कल्ल्यांनी श्वसणारी, त्या अळ्यांवरच पोसणारी टाचण्यांची पिल्ले मात्र गुदमरतात. अशा रीतीने आपले एकच सांडपाणी उपद्रव्याला बोलावते आणि उपकारकर्त्याला हुसकावते. तेव्हा गटारावर दाटणारे डास आपल्याच निमंत्रणावरून आलेले असतात, हे ओळखावे. आणि ते निमंत्रण मागे घेण्याचा अखत्यारही आपलाच आहे.